स्थिर तारा कोणता?

आर्यभटाच्या काळी स्वाती आकाशात जिथे होती तिथे ती आज नाही. पृथ्वीचा आस डोलतो, त्यामुळे सगळ्याच ताऱ्यांचे आकडे वर्षागणिक सरकत राहतात. तो हिशेब पूर्ण वजा केला, तरी या एका ताऱ्याने दीड हजार वर्षांत स्वतःच्या चालीने कापलेले जवळजवळ एक अंश अंतर शिल्लक उरते. पौर्णिमेची दोन चंद्रबिंबे शेजारी ठेवली तर जेवढी जागा व्यापतील, साधारण तेवढे. स्वातीची चाल वर्षाला २.२८ विकला आहे आणि विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. एका आयुष्यात हे डोळ्यांना कळणार नाही. कळायचे असेल तर खूप आधी कोणीतरी तिची जागा नीट लिहून ठेवलेली असायला हवी.

गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेल्या केरीत स्वाती ओळखीची आहे ती पावसामुळे. मिरगापासून सुरू झालेली पावसाळी नक्षत्रांची रांग स्वातीपाशी येते तेव्हा शेतात भात कापणीला आलेले असते, आणि त्या दिवसांत आलेली सर नुकसान करून जाते. नक्षत्र म्हणजे वर्षाच्या फिरत्या काट्याखालची न हलणारी खूण, या विश्वासावर शेतीचे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या चालले. पण ती खूणच चालते आहे. ती का चालते याचा शोध घेत गेले की आपली सगळी आकाशगंगा कशी फिरते इथपर्यंत पोचता येते, आणि या वाटेत आपल्या मराठी मुलखाचा, आपण विसरलेला, वाटा आहे. तो कोणता आणि आपण तो का विसरलो, हे मला या लेखात मांडायचे आहे.

१७१८ साली एडमंड हॅली याने टॉलेमीच्या ग्रंथातल्या जुन्या ताऱ्यांच्या जागा आपल्या काळच्या जागांशी ताडून पाहिल्या. स्वाती, व्याध आणि रोहिणी या तिघांचा मेळ बसेना. जुन्या लोकांची चूक म्हणावी, तर शेजारचे तारे बरोबर बसत होते. हॅलीने सरळ निष्कर्ष काढला की हे तारे हलले आहेत. त्याच्याजवळ ना मोठी दुर्बीण होती ना नवा सिद्धान्त. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांनी केलेली यादी होती आणि ती यादी खरी मानून तपासण्याची तयारी होती.

आपल्याकडे हे का घडले नाही, असा प्रश्न टाळून चालणार नाही. सूर्यसिद्धान्तात योगताऱ्यांच्या, म्हणजे प्रत्येक नक्षत्राची खूण मानलेल्या मुख्य ताऱ्यांच्या, जागा दिलेल्या आहेत, पण त्या बहुतेक पूर्ण अंशांत किंवा अंशाच्या ढोबळ भागांत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात वेगवेगळ्या ग्रंथांतले योगताऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आहेत. ते पाहताना जाणवते की ग्रहगणितात ज्यांनी कमालीची बारीक नजर दाखवली, त्यांनी ताऱ्यांना ग्रह मोजण्यापुरती पार्श्वभूमी मानले. पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा मोजायची गरज वाटत नाही. अंशाच्या अचूकतेने लिहिलेल्या आकड्यांतून एका अंशाची हालचाल ओळखता येत नाही. कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, अचूकतेची एक यादी ब्रह्मगुप्ताच्या काळी झाली असती आणि भास्कराचार्यांच्या काळी पुन्हा केली गेली असती, तर स्वातीची चाल सह्याद्रीच्या अलीकडेच हाती आली असती असे माझे मत आहे. बुद्धी कमी पडली नाही. पुन्हा मोजून पाहण्याची व्यवस्था नव्हती.

मात्र एका प्रश्नापाशी मराठी माणसे फार नेमकी जाऊन पोचली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंचांगशुद्धीचा वाद पेटला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने जे पंचांग सुरू केले त्याचा आरंभबिंदू होता रेवतीचा योगतारा, मीन राशीतला एक मंद तारा. डेक्कन कॉलेजात छत्र्यांच्या हाताखाली शिकलेले टिळक याच पक्षाचे; टिळक पंचांग आजही रेवतीला धरून चालते. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा धरला आणि त्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि स्वतः दीक्षित यांचा तिसरा पक्ष सायनांचा होता. तारा धरूच नका, जिथे दिवसरात्र समान होतात तो संपातबिंदू धरा, असे त्यांचे म्हणणे. रेवती धरली की चित्रा धरली, याने राशिचक्राचा आरंभ सुमारे चार अंशांनी बदलतो. त्यामुळे संक्रांत चार दिवस पुढेमागे होते, अधिक मास वेगळा पडतो, आणि कधी कधी एकाच गावात दोन घरांच्या दिवाळीत महिन्याचे अंतर पडते. कोकणात आणि गोव्यात हे ठाऊक नसलेला माणूस विरळा.

हा वाद सणावारांचा म्हणून आपण विज्ञानाच्या इतिहासातून काढून टाकला आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. गती मोजायची तर स्थिर काय धरायचे, हा त्या वादाचा गाभा होता. भौतिकशास्त्रातला हा पहिला प्रश्न आहे. लेले, छत्रे, केतकर, टिळक, दीक्षित या सगळ्यांना तो कळला होता आणि प्रत्येकाने आपल्या उत्तरामागची कारणे मांडली. त्यांच्या वाट्याला आली नाही ती साधने. पुण्यात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली, पण कावसजी नायगमवाला यांचे तिथले काम ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या वर्णपटाचे होते, आणि १९१२ मध्ये ती बंद होऊन उपकरणे कोडईकनालला गेली. ताऱ्यांच्या जागांसाठी आपल्या विद्वानांना युरोपातल्या यादीवर विसंबावे लागले. शेवटी प्रश्न समितीने सोडवला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने २१ मार्च १९५६ या दिवसाचा अयनांश, म्हणजे संपातबिंदू आणि राशिचक्राचा आरंभ यांतले अंतर, २३ अंश १५ कला ठरवून दिला, आणि तो चित्रापक्षाच्या जवळचा होता. कारभारासाठी तेवढे पुरेसे होते. आकाशाने मात्र वेगळे उत्तर दिले आहे. चित्रा एक अंश सरकायला सुमारे ६९ हजार वर्षे घेते आणि रेवतीचा योगतारा त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने सरकतो. दोघांपैकी कोणीही स्थिर नाही.

मग तारे हलतात ते कसे? प्रत्येक जण आपापल्या मर्जीने, की सगळे मिळून एखाद्या शिस्तीने?

विल्यम हर्शेलने १७८३ मध्येच दाखवले की काही तारे एका दिशेने पांगताना आणि विरुद्ध दिशेला गोळा होताना दिसतात, कारण सूर्यच शौरी तारकासमूहाच्या दिशेने चालला आहे. १९०४ मध्ये याकोबुस काप्टाइन याला ताऱ्यांचे दोन प्रवाह दिसले. उलगडा व्हायला १९२७ साल उजाडावे लागले. स्वीडनचा बर्टिल लिंडब्लाड याने कल्पना मांडली आणि नेदरलँड्सचा यान ऊर्ट याने ती आकड्यांनी सिद्ध केली. ही कल्पना केरीच्या माणसाला तेरेखोलच्या पात्रात सहज समजेल. ओहोटीला पाणी दर्याकडे धावते तेव्हा मध्यावर ओढ जास्त असते आणि काठाकडे कमी. वल्ही न मारता होडीत बसून राहिलेल्या माणसाला आपण वाहतो आहोत हे कळायचे कसे? आजूबाजूच्या, तशाच वाहत्या, होड्यांकडे पाहून. मध्याच्या बाजूला आणि पुढे असलेली होडी त्याच्यापासून दूर जाते. मध्याच्या बाजूला पण मागे असलेली जवळ येते. काठाच्या बाजूला नेमके उलट होते: पुढची जवळ येते, मागची दुरावते. अगदी बरोबरीने असलेल्यांशी अंतर तेवढेच राहते. काठ धुक्यात बुडाला असला तरी या चार दिशांतल्या चार वागणुकींवरून प्रवाहाची दिशा आणि ओढीतला फरक दोन्ही काढता येतात. ऊर्टने ताऱ्यांच्या वेगांत हाच नमुना शोधला. आकाशगंगेच्या केंद्राकडचे तारे आपल्याला मागे टाकतात आणि बाहेरचे मागे पडतात.

या शोधाची खोली नीट लक्षात घ्यायला हवी. आकाशगंगेचे केंद्र मूळ नक्षत्राच्या भागात, धनू राशीत आहे, पण धुळीच्या दाट पडद्यामागे असल्यामुळे साध्या दुर्बिणीने दिसत नाही. तरीही, केंद्राकडे न पाहता, केवळ शेजारच्या ताऱ्यांच्या चालीवरून सूर्याच्या प्रदक्षिणेचा काळ निघतो. २०१७ मध्ये टोरंटोच्या यो बोवी यांनी नव्या मोजमापांवरून ऊर्टचे दोन स्थिरांक काढले: एक १५.३ आणि दुसरा उणे ११.९, एकक किलोमीटर प्रतिसेकंद दर किलोपार्सेकला. एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३२६० प्रकाशवर्षे. दोन आकड्यांची वजाबाकी २७.२, आणि त्यावरून एका फेरीला सुमारे साडेबावीस कोटी वर्षे लागतात असा हिशेब येतो. कागद-पेन्सिल घेऊन बारावीचा विद्यार्थी तो करू शकेल.

स्वातीचे कोडे इथे सुटते. तिच्या चालीचा मोठा भाग आपलाच आहे. ती जुन्या ताऱ्यांपैकी आहे. आकाशगंगेच्या फिरण्यात ती सूर्यापेक्षा सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटरने मागे पडते, आणि आपण तिच्या शेजारून पुढे निघालो आहोत. हॅलीने जिच्यावर बोट ठेवले ती हालचाल आकाशगंगेच्या फिरण्याचीच होती, आणि ते कळायला आणखी दोनशे नऊ वर्षे जावी लागली.

आता हैदराबादकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार तिथे आहे.

१८८७ मध्ये पॅरिसला खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि सगळे आकाश छायाचित्रांत टिपून ताऱ्यांची यादी करायची असा ठराव झाला. आकाशाचे पट्टे पाडून ते जगभरच्या वेधशाळांना वाटून दिले गेले. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा मुळात चिलीमधल्या सांतियागोकडे होता. ते काम तिथे तडीस जाईना, आणि तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने घेतला. ही वेधशाळा नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्वतःच्या हौसेने उभारली आणि त्यांच्यानंतर ती राज्याने चालवली. आर्थर चॅटवुड, रॉबर्ट पोकॉक आणि टी. पी. भास्करन असे एकामागून एक प्रमुख झाले. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंचे वडील याच वेधशाळेत काम करीत. कामाचा खर्च निजामाच्या राज्याच्या तिजोरीतून होई, आणि त्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या मराठवाड्याच्या जिल्ह्यांचा साराही जात होता. अनुराधेचा योगतारा हैदराबादने घेतलेल्या आकाशाच्या पट्ट्यात येतो.

काम काय होते ते समजून घेऊ. काचेच्या एका प्लेटवर आकाशाचा दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद तुकडा. प्लेटवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, तीवर आखलेल्या रेघांपासून प्रत्येक ताऱ्याच्या ठिपक्याचे आडवे आणि उभे अंतर डोळ्यांनी मोजायचे, लिहायचे, पुढच्या ठिपक्याकडे जायचे. असे लाखो ठिपके. हैदराबादने आपला पट्टा पुरा केला आणि पुढे जर्मनीतल्या पॉट्सडामकडे राहून गेलेला उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही हाती घेतला. बारा खंड छापले गेले. त्यातून त्या काळी एकही शोध लागला नाही. एकाही वर्तमानपत्राला मथळा मिळाला नाही.

या कामाची किंमत एका भागाकारात आहे. समजा अशा प्लेटवर ताऱ्याच्या जागेत ०.३ विकलेची चूक आहे. आजच्या मानाने ही चूक फार मोठी. पण तोच तारा पाऊणशे वर्षांनी पुन्हा मोजला, तर त्याची वर्षाची चाल काढताना ती चूक पंचाहत्तरने भागली जाते आणि उरतो विकलेचा २५०वा भाग. प्लेट जितकी जुनी तितकी तिची चूक लहान होत जाते. साधन नवे करून जे मिळते तेच जुनी नोंद जपूनही मिळते. युरोपीय अवकाश संस्थेच्या हिप्पार्कोस उपग्रहाने १९८९ पासून ताऱ्यांच्या जागा मोजल्या. २००० साली त्यावरून टायको-२ ही पंचवीस लाख ताऱ्यांची यादी तयार झाली, तेव्हा ताऱ्यांची चाल काढायला आधीच्या काळातल्या जागा हव्या होत्या. त्या या शंभर वर्षांपूर्वीच्या प्लेटांवरून आणि आणखी १४३ जुन्या याद्यांवरून घेतल्या गेल्या. म्हणजे निजामिया वेधशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेल्या कारकुनांचे आकडे ऐंशी वर्षांनी अंतराळातल्या उपग्रहाच्या आकड्यांना जोडले गेले.

प्राचीन भारतीयांना सगळे ठाऊक होते, असे सांगणाऱ्या व्याख्यानांना आपल्या गावोगावी गर्दी होते. ज्यांचे नाव आपल्याला माहीत नाही अशा या मोजणीदारांनी जे प्रत्यक्ष केले ते एकाही पाठ्यपुस्तकात मी वाचलेले नाही. अभिमान हवाच असेल तर तो इथे ठेवावा. इथे कागद आहे, आकडा आहे, तपासून घेण्याची सोय आहे, आणि जगाने तो आकडा वापरल्याचा पुरावा आहे.

१९ डिसेंबर २०१३ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे गाया हे यान निघाले आणि हे सगळे काम वेगळ्याच पातळीवर गेले. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून, सहा तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेत, एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करणाऱ्या दोन दुर्बिणींनी त्याने जानेवारी २०२५ पर्यंत आकाश पुन्हा पुन्हा चाळले. दोन दुर्बिणी कशासाठी, हे सांगायलाच हवे, कारण यात सगळी युक्ती आहे. जवळजवळच्या ताऱ्यांमधली अंतरे जोडत जोडत आकाशभर गेले तर लहान चुका साठत जातात. दूरदूरच्या दोन भागांतले तारे एकाच वेळी, एकाच पडद्यावर मोजले की सगळे आकाश एका जाळ्यात घट्ट बांधले जाते. २०२२ च्या तिसऱ्या यादीत १८० कोटी ज्योती आहेत, त्यांपैकी सुमारे १४६ कोटींची अंतरे आणि चाली दिलेल्या आहेत. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत चूक विकलेच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत खाली आली आहे. गंमत अशी की स्वाती आणि चित्रा या यादीत नाहीत. त्या इतक्या तेजस्वी आहेत की गायाचे डोळे दिपतात. त्यांच्यासाठी अजून हिप्पार्कोसच्याच आकड्यांकडे जावे लागते.

गायाच्या याद्यांतून निघालेल्या गोष्टींपैकी दोन मला फार मोलाच्या वाटतात. २०१८ मध्ये बार्सिलोनाच्या तेरेसा आंतोखा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांसाठी एक साधा आलेख काढला: आकाशगंगेच्या सपाटीपासून तारा किती वर किंवा खाली आहे, आणि वर-खाली जाण्याचा त्याचा वेग किती. ठिपक्यांचा गोल ढीग दिसायला हवा होता. दिसला शंखासारखा वळसा. सगळे स्थिरावलेले असते तर असा वळसा टिकला नसता. त्याचा अर्थ गेल्या तीस ते नव्वद कोटी वर्षांत कशाने तरी, बहुधा धनू राशीतल्या एका बटू दीर्घिकेच्या जवळून जाण्याने, आपल्या आकाशगंगेच्या तबकडीला धक्का बसला आहे आणि ती अजून हेलकावते आहे. त्याच वर्षी असेही कळले की सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने दुसरी एक दीर्घिका गिळली. तिचे तारे आजही आपल्यात मिसळून आहेत, पण त्यांच्या कक्षा वेगळ्या, म्हणून ओळखू येतात. तबकडी कशी डळमळते, कशी एका अंगाला झुकते, याचा सैद्धान्तिक विचार बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंदा जोग यांनी कित्येक वर्षे केला. तारे आणि वायू यांचा एकत्र विचार करून तबकडीच्या स्थैर्याची अट काढणारा जोग आणि सॉलोमन यांचा १९८४ चा निबंध या विषयातला पायाभूत आहे. सिद्धान्त तयार होता, म्हणूनच मोजणी आल्याबरोबर तिचा अर्थ लावता आला. कल्पना मोठी की मोजणी, हा झगडा मला निरर्थक वाटतो. आपल्याकडे कल्पनेला मखर मिळाले आणि मोजणीला हिशेबनीसाची खुर्चीही मिळाली नाही, ही माझी तक्रार आहे.

मोजणी चुकते, हा आक्षेप खरा आहे. हिप्पार्कोसने कृत्तिकांचे अंतर सुमारे ३९० प्रकाशवर्षे दिले. ताऱ्यांच्या तेजावरून काढलेले अंतर त्याहून बरेच जास्त येई. दोन्हींपैकी काय खरे यावर सतरा वर्षे वाद चालला. २०१४ मध्ये खंडाखंडांत पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी, आणि मग गायाने, सुमारे ४४४ प्रकाशवर्षे हा आकडा दिला. हिप्पार्कोस चुकला होता. पण तो चुकला हे कळले ते त्याने आपला आकडा, आपली चूक किती असू शकते याच्या अंदाजासह, उघड लिहून ठेवला होता म्हणून. पोथीतला आकडा आणि यादीतला आकडा यांत मला हा फरक महत्त्वाचा वाटतो: यादी स्वतःला खोडण्याची सोय ठेवून बनवलेली असते.

आता मूळ प्रश्न. रेवतीही चालते, चित्राही चालते, सूर्य चालतो, संपात सरकतो. मग धरायचे काय? आजचे उत्तर आहे क्वेझार, म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिकांची झगमगती केंद्रे. ती इतकी लांब आहेत की त्यांची आडवी चाल आपल्याला जाणवत नाही. १९९८ पासून जगाची अधिकृत आकाशचौकट यांच्यावर उभी आहे. आणि गायाने जेव्हा अशा सुमारे १६ लाख क्वेझारांवर नजर ठेवली तेव्हा दिसले की तेही सरकताना भासतात. वर्षाला विकलेचा दोन लाखावा भाग, आणि सगळे एकाच दिशेकडे, आकाशगंगेच्या केंद्राकडे. कारण सूर्यमालेची वाट केंद्राभोवती वळते आहे. त्यामुळे आपला वेग दर सेकंदाला ०.२३ नॅनोमीटर प्रतिसेकंदाने वळतो, आणि वर्षभरात आपण सरळ रेषेपासून सुमारे ११५ किलोमीटर आत खेचले जातो. हे २०२० मध्ये मोजले गेले. स्थिर मानलेल्या गोष्टीच्या भासमान हालचालीवरून स्वतःच्या वळण्याचा पुरावा मिळाला. छत्रे आणि केतकरांनी हा आकडा पाहायला हवा होता. त्यांच्या भांडणाचा शेवट आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे, आणि आपण त्याची बातमीसुद्धा दिली नाही.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की संध्याकाळी साडेसातच्या सुमारास केरीच्या किनाऱ्यावर हे सगळे बोटाने दाखवता येते. नैऋत्येला धनू, तिकडे केंद्र. उत्तरेला उंचावर हंस, आणि त्यातला देनेब तारा. साधारण त्या दिशेने आपण सूर्यासह केंद्राभोवती निघालो आहोत, सेकंदाला जवळजवळ अडीचशे किलोमीटर. मधून आकाशगंगेचा पट्टा जातो. निदान जायला हवा. किनाऱ्यावरचे झगझगीत दिवे, आणि जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झालेल्या मोपा विमानतळाचा व त्याच्या रस्त्यांचा पूर्वेकडचा उजेड, यांनी तो फिकट होत चालला आहे. मोजणीला केरीचे आकाश आता लागत नाही, हे मी मान्य करतो. ती अंतराळातून होते. पण ज्या मुलाने आकाशगंगा पाहिलेलीच नाही त्याला तिची चाल मोजावी असे वाटणार कशाने? महाराष्ट्रातल्या पेंचने गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले आणि जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान म्हणून मान मिळवला. पेडण्यातच मोरजीला कासवांसाठी अंधार लागतो. दिव्यांवर झाकण बसवायला मोठी योजना लागत नाही, पंचायतीचा ठराव लागतो. केरीने, आणि तिच्या पाठोपाठ पेडणे-डिचोलीतल्या पंचायतींनी, तो करावा अशी माझी मागणी आहे.

दुसरी मागणी शाळा-महाविद्यालयांकडे. पर्सिव्हल नोरोन्हा यांनी उभ्या केलेल्या खगोलमित्रांच्या संघटनेने पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवर वेधशाळा चालवली. गोव्यात आकाश पाहायला शिकवण्याची परंपरा आहे. तिला आता मोजणीची जोड द्यावी. गायाची सगळी यादी जगात कोणालाही फुकट मिळते. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या विद्यार्थ्याने कृत्तिकांभोवतीचा दोन-तीन अंशांचा तुकडा उतरवून घ्यावा आणि प्रत्येक ताऱ्याची पूर्व-पश्चिम चाल आणि उत्तर-दक्षिण चाल आलेखावर मांडावी. हजारो विखुरलेल्या ठिपक्यांत एक घट्ट पुंजका दिसेल: पूर्वेकडे वर्षाला विकलेचे सुमारे २० सहस्रांश, दक्षिणेकडे सुमारे ४५. त्या कृत्तिका. मग रोहिणीच्या आसपासचे तारे घ्यावेत. तिथला पुंजका सुमारे १५३ प्रकाशवर्षांवर निघेल, आणि रोहिणी स्वतः त्यात नाही, ती अवघ्या ६५ वर आहे, हे हाती येईल. रोहिणीही गायासाठी जास्तच तेजस्वी, म्हणून तिचा आकडा हिप्पार्कोसमधून शोधावा लागेल. तेवढ्याने दोन याद्या जोडायचा धडा होईल. सप्तर्षींचीही अशीच गोष्ट: त्यातले पाच एका कुळाचे, अरुंधतीसह एकत्र चालणारे, आणि क्रतू व मरीची वेगळ्या वाटेने जाणारे. लग्नात अरुंधती दाखवणाऱ्या समाजाला ती आणि वसिष्ठ खरोखरच बरोबर चालतात हे आकड्याने सांगता येते, आणि ते आपल्या मुलांनी काढलेले असावे.

गायाची चौथी यादी डिसेंबर २०२६ मध्ये येईल असे युरोपीय अवकाश संस्थेने जाहीर केले आहे. तीत आतापर्यंतसारखे केवळ एकत्र केलेले सरासरी आकडेच नसून एकेका वेधाच्या नोंदीही असतील. आपल्याकडच्या विद्यापीठांनी त्या उतरवून, मराठीत त्यांचा वापर समजावून देणारी पुस्तिका करून, तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत ती नेण्याचे काम आताच हाती घ्यायला हवे. आणि निजामियाचे बारा खंड कुठल्या ग्रंथालयात धूळ खात असतील तर तेही बाहेर काढून त्याच टेबलावर ठेवावेत, कारण त्यांतला प्रत्येक आकडा दरवर्षी अधिक मोलाचा होतो आहे.